भरतीची रेघ सातबाऱ्यावर नसते

जमीन आणि कायदा : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे रायगड-रत्नागिरीत ३२ वर्षं भूकरमापक होते.)

या महिन्याच्या टपालात किनाऱ्यावरच्या जमिनींची बरीच पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत. पाच निवडली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांत लोकांचे आयुष्यभराचे पैसे आणि बापजाद्यांची शेतं अडकली आहेत.

प्रश्न : काका, आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. दापोली तालुक्यात पुळणीला लागून १२ गुंठे जागा पाहिली आहे. सातबारा स्वच्छ आहे, कुणाचा बोजा नाही. एजंट म्हणतो, बिनशेती मी करून देतो, तोवर पत्र्याची शेड टाका. पुढची सुरूची झाडं काढली की घरातून समुद्र दिसेल. शेजारी दोन बंगले उभे आहेत. विसार द्यावा का?
— एक दांपत्य, कोथरूड

उत्तर : विसार देऊ नका. निदान पुढचं सगळं तपासून होईपर्यंत नक्कीच नको.

सातबारा मालक सांगतो, क्षेत्र सांगतो, पीक सांगतो, बोजा सांगतो. भरतीची रेघ कुठून जाते हे तो सांगत नाही, आणि किनाऱ्यावरच्या जमिनीचं सगळं नशीब त्या रेघेवर ठरतं. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारनं पहिली किनारा अधिसूचना काढली. तिच्या जागी २०११ मध्ये दुसरी आली आणि १८ जानेवारी २०१९ ला तिसरी. तिन्हींत एक गोष्ट कायम आहे. समुद्रासमोर भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतो. ग्रामीण भागात त्या पट्ट्याचे पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र असतात, म्हणजे तिथं नवं बांधकाम नाही. २०१९ मध्ये ही हद्द काही गावांसाठी ५० मीटरवर आणली, पण ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक राहतात अशा दाट वस्तीसाठी. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी २०० च्या आत आहे. तेव्हा एजंट "आता फक्त ५० मीटर" म्हणाला तर त्या गावाचा आकडा त्याच्याकडून कागदावर घ्या. शिवाय २०१९ चे नियम नवा किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात. म्हणून तुमच्या जागेला कोणता मंजूर नकाशा लागू आहे, हा पहिला प्रश्न.

आता ती रेघ. उधाणाच्या भरतीचं सर्वांत वरचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं, ती भरतीरेषा. तुम्ही जागा बघायला गेलात तेव्हा पाणी कुठं होतं, याला अर्थ नाही. मे महिन्यात अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते तेव्हा गेलात तर समुद्र लांब आणि गरीब दिसतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून हीच चूक झाली. मालकानं ओल्या वाळूची कड दाखवली, मी तिथून टेप टाकली आणि दगड रोवून घेतले. जुलैच्या अमावस्येनंतर पुन्हा गेलो तर समुद्राकडचे दोन दगड नाहीसे झाले होते. लाटेनं आणलेला पाचोळा, सुरूच्या काटक्या आणि जाळ्यांचे तुकडे कुंपणाच्या आत पसरले होते. त्या माणसानं माझ्या दगडांच्या भरवशावर विहिरीची जागा धरली होती. ती मला आजही आठवते.

भूकरमापकाला भरतीरेषा ठरवण्याचा अधिकार नाही, हेही समजून घ्या. तालुक्याची मोजणी तुमच्या गटाची हद्द दाखवेल, त्यापुढं काही नाही. भरतीरेषा केंद्रानं नेमलेल्या संस्था आखतात. २०१९ च्या आराखड्यांसाठी ती चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्रानं आखली आहे. आराखड्याचा मुख्य नकाशा १:२५,००० चा असतो, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. तुमचे १२ गुंठे त्यावर मोहरीच्या दाण्याएवढे. एजंट मोबाइलवर नकाशा मोठा करून "ही बघा रेघ, आपण बाहेर" म्हणतो तेव्हा त्या रेघेची जाडीच जमिनीवर दहा-बारा मीटर भरते. गावपातळीचा गटनिहाय नकाशा १:४,००० चा असतो, तो पाहा. त्यानंही शंका राहिली तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तुमच्या मोजणीचा नकाशा आराखड्यावर चढवून घ्या. खर्च होतो. पण जागेच्या किमतीपुढं तो फार नाही.

पुळणीला लागून असलेली जागा म्हणजे अख्खी ना विकास क्षेत्रात, असं मी पत्रावरूनच सांगू शकतो. तिथं माड लावा, भाजी करा, बाग करा. नवं घर बांधता येणार नाही, आणि पत्र्याची शेड हीसुद्धा बांधकामच. बिनशेतीचा आदेश मिळाला तरी त्यानं किनाऱ्याचा नियम उठत नाही. मुळात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी आहात का, तेही एजंटानं विचारलेलं दिसत नाही.

शेजारच्या बंगल्यांचं म्हणाल, तर ते १९९१ पूर्वीचे आहेत की नोटीस घेऊन बसलेत, हे रस्त्यावरून कळत नाही. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ ला स्फोटकं लावून पाडला. तो बड्या आरोपीचा होता म्हणून सोडून द्याल, तर कोचीजवळच्या मरडूचं उदाहरण घ्या. तिथल्या चार गृहसंकुलांना स्थानिक संस्थेचे परवाने होते, लोक राहायला आले होते, मुलं शाळेत जात होती. किनारा नियम मोडले म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती चारही २०२० च्या जानेवारीत ११ आणि १२ तारखेला जमीनदोस्त केली. फ्लॅटधारकांना प्रत्येकी २५ लाख अंतरिम भरपाई ठरली, पण घर गेलंच. त्यांच्याकडेही कुणीतरी "सगळ्यांनी बांधलंय" म्हणालंच असेल.

आणि ती सुरूची झाडं. आधी ती तुमच्या गटात येतात का ते मोजा. अनेक गावांत सुरूचं बन सरकारी जागेवर लावलेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा याच पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये माड-पोफळी आडव्या झाल्या. समुद्र दिसावा म्हणून तुम्ही झाडं काढलीत तर समुद्रालाही तुम्ही दिसाल, आणि तुमच्या मागच्या वाडीवाल्यांना आडोसा उरणार नाही.

प्रश्न : आमचं जुनं घर गुहागर तालुक्यात किनाऱ्यापासून साधारण ४० मीटरवर आहे. आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. वादळात छप्पर गेलं, दोन भिंतींना तडे आहेत. सगळं पाडून स्लॅबचं घर आणि वर एक मजला करायचा विचार आहे. निवृत्तीनंतर तिथं राहू आणि खोल्या पर्यटकांना देऊ.
— एक चाकरमानी, विरार

उत्तर : दादा, एक विनंती. पाडायला माणूस लावला असेल तर आजच थांबवा.

ना विकास क्षेत्रातही अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. अट अशी की जोतं तेवढंच राहील, चटईक्षेत्र तेवढंच राहील, वस्तीची घनता वाढणार नाही. म्हणजे वरचा मजला विसरा. पण जे आहे ते तुमचं आहे आणि ते राखता येतं, जर ते होतं हे दाखवता आलं तर. इथंच लोक फसतात. आधी घर पाडतात, चिरे विकतात, आणि मग परवानगीला जातात. तेव्हा समोर मोकळी जमीन असते, आणि मोकळ्या जमिनीवर उभं राहतं ते नवं बांधकाम ठरतं.

म्हणून भिंती उभ्या असतानाच जोत्याची चारी बाजूंनी मापं घ्या आणि इंजिनिअरकडून आहे त्या घराचा नकाशा करून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, शक्य तितका जुना. १९९१ पूर्वीची घरपट्टीची पावती असेल तर ती सोन्यासारखी जपा. आईच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या फळीत, जुन्या पंचांगात शोधा. मी अशा पावत्या तिथंच सापडलेल्या पाहिल्या आहेत. वादळानंतर तलाठ्यानं नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची नक्कल घ्या. त्या दिवशी तिथं तुमचं घर होतं आणि त्याचं छप्पर उडालं, हे सरकारी कागदावर लिहिलेलं असतं. घरातल्या लग्नाचे अंगणातले फोटोसुद्धा फेकू नका.

पर्यटकांना खोल्या देण्याला बंदी नाही. स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात घरगुती निवास चालवता येतो, जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. तुमच्या आजोबांच्या चिऱ्याच्या घराला ही अट जड नाही. कौलं नीट बसवा, न्हाणीघरं आतल्या आत सुधारा. स्लॅब घालण्याआधी मात्र परवानगी लेखी घ्या. सरपंचांनी "घाला, आम्ही आहोत" म्हणणं ही परवानगी नव्हे.

प्रश्न : आमच्या गावात दोन रिसॉर्टनी मिळून तारेचं कुंपण घातलं. पुळणीवर जायची पाखाडी बंद झाली. कोळणी मासळी घेऊन अर्धा मैल वळसा घालतात. कुंपण त्यांच्याच जमिनीत आहे म्हणतात.
— एक शिक्षिका, मालवण तालुका

उत्तर : ताई, जमीन त्यांची असली तरी लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट अडवता येत नाही. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठीच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. कुंपण घातलं तरी त्यानं सार्वजनिक वाट अडता कामा नये, आणि दोन हॉटेलांच्या मधे किनाऱ्यावर जायला किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. टेप घेऊन मोजा, पंचांसमोर मोजा, लिहून ठेवा. गावनकाशात ती पाखाडी तुटक रेषेनं दाखवलेली आहे का ते भूमी अभिलेख कार्यालयात पाहा. असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

प्रश्न : काका, आमची चार एकर खार, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, पेण तालुक्यात आहे. बापाच्या वेळेपर्यंत भात पिकायचा. बारा वर्षांपूर्वी उधाणात बांधाला खांड गेली, ती कुणी बुजवली नाही. खारं पाणी शिरलं, आणि आता अर्ध्या जमिनीत तिवरं (कांदळवनाची झाडं) डोक्यावर गेली आहेत. तोडायला गेलो तर गुन्हा दाखल करू म्हणतात. सातबारा आमचा, शेतसारा आम्ही भरला, आणि आमच्याच शेतात आम्ही चोर?
— एक शेतकरी, खारेपाट

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझं आजोळ खारेपाटातलंच. मामाच्या खारीत रत्ता पिकायचा, लाल तांदूळ. त्याच्या पेजेचा वास मला अजून येतो. तिथंही खांड गेली. मामा पहिल्या वर्षी म्हणाला, पुढच्या पावसाआधी बुजवतील. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षी गुडघाभर तिवरं आली आणि पाचव्या वर्षी त्यानं नांगर विकला. तुमचा राग मला कळतो, आणि तो खरा आहे.

तरीही तोडू नका. एकही नको.

मुंबई उच्च न्यायालयानं २००५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की जमीन कुणाच्याही मालकीची असो, संरक्षण लागू आहे. कांदळवनाच्या कडेनं ५० मीटरचा पट्टाही बांधकामाविना मोकळा ठेवायचा. राडारोडा टाकणं बंद. पाण्याचा रस्ता अडवून तिवरं वाळवणं हाही नाशच. शिवाय झाडतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या यादीतही कांदळ आहे, आंबा, फणस, सागाबरोबर.

तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम २०१९ च्या अधिसूचनेत आहे आणि ते फार कमी शेतकऱ्यांना माहीत आहे. बांध किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. खारं पाणी आत शिरलं म्हणून रेघ तुमच्या शेतात सरकत नाही. मात्र आत जिथं तिवरं वाढली, तेवढा भाग, मग तो गुंठाभर का असेना, सीआरझेडच्या सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात जातो. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या चार एकरांपैकी तिवरं नसलेला भाग अजून तुमच्या हातात आहे, आणि दर पावसाळ्यात तो कमी होतो आहे. बी पाण्याबरोबर येतं, चिखलात रुततं आणि वर्षभरात रोप होतं.

म्हणून तीन कामं लगेच करा. बांध १९९१ पूर्वीचा आहे याचा कागद मिळवा : जुना गावनकाशा, खारभूमी योजनेची नोंद, तुमच्या वडिलांनी भरलेली पाणीपट्टी किंवा साऱ्याची पावती, काहीही. मग आज तिवरं कुठवर आहेत आणि कुठं नाहीत याची मोजणी करून घ्या, तारखेसकट. आणि खांड बुजवण्यासाठी एकट्याच्या नावानं अर्ज करू नका. त्या बांधाखालच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या घ्या. खारभूमी विकास कायदा १९७९ पासून आहे आणि बांध-उघाडीच्या योजना त्याखालीच होतात. अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोलणं. दुरुस्तीत तिवरं तोडावी लागणार असतील तर परवानग्यांची वाट लांब होते, म्हणून खांड लहान असतानाच हालचाल करायची असते. हे मामाला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

उरलेला भाग कोरडा झाला तर पनवेल-१, पनवेल-२ या खारपड सोसणाऱ्या भाताच्या जाती पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातूनच आलेल्या आहेत. आणि जिथं तिवरं उभी आहेत, तिथं वनखात्याच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना आहे. गावाची सहव्यवस्थापन समिती करून खेकडे, कालवं, जिताडा पालन करता येतं. ते तुमच्या भाताची भरपाई आहे असं मी म्हणणार नाही. पण पेणचा जिताडा बाजारात काय भावानं जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि त्याची पिलं याच तिवरांच्या मुळांत वाढतात. शेत बुडालेल्या माणसाला भरपाई मिळायला हवी, हे माझं मत आहे. झाड सगळ्यांसाठी राखायचं आणि त्याचा भार एका शेतकऱ्यानं उचलायचा, हे न्यायाचं नाही. तुमच्या अर्जात हे वाक्य घाला.

प्रश्न : आमच्या पुळणीवर वाळूची उंच टेकाडं आहेत. गाड्या लावायला जागा हवी म्हणून जेसीबी आणून एक टेकाड सपाट केलं, वेल उपटून टाकली. विचारलं तर म्हणतात, वाळूच तर आहे, बांधकाम थोडंच केलं? आमचा महिला बचतगट आहे. कुठं जायचं?
— मंडणगड तालुका

उत्तर : ताई, बांधकाम झालं नाही म्हणून नियम मोडला नाही, असं होत नाही. वाळूची टेकाडं पहिल्या वर्गात येतात आणि ती सपाट करणं, त्यांचा आकार बदलणं याला स्पष्ट मनाई आहे. तुमच्याच तालुक्यात वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखतात. मादी भरतीच्या पाण्याच्या वर चढून मोकळ्या वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, पिलं निघायला ४५ ते ६० दिवस लागतात. जेसीबीनं दाबलेल्या वाळूत तिला खणता येत नाही, आणि रात्री गाड्यांचे दिवे दिसले की पिलं समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात.

प्रत्येक किनारी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनारा समिती असते. तिच्यावर मच्छीमारांसह स्थानिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या गावचं कुणी आहे का ते विचारा. लेखी तक्रार तिथं द्या, प्रत राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाला. दाद मिळाली नाही तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण तिथं अर्ज घटनेपासून सहा महिन्यांत व्हावा लागतो. म्हणून टेकाड कधी पाडलं ती तारीख आजच वहीत लिहा, पाच जणींच्या सह्यांसह. सपाट जागेचे आणि शेजारच्या शाबूत टेकाडाचे फोटो एकाच जागेवरून काढा. येत्या पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं त्याचाही काढा.

आणि उपटलेली वेल मर्यादवेल असेल, जांभळ्या फुलांची, तर ती उकिरड्यावर टाकू देऊ नका. पेरं असलेले हातभर तुकडे करा आणि पाऊस लागला की टेकाडाच्या पायथ्याशी वाळूत आडवे पुरा. दोन पेरं आत, टोक बाहेर. पाणी घालावं लागत नाही.